सात्या, टेकोडे आणि जड धातू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं शेत खापरखेड्याकडे, औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्याजवळ आहे. पावसाळ्यात धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) वारुळातून सात्या, म्हणजे जंगली अळंबी, निघतात. घरी सांगतात, मीठ-हळदीच्या पाण्यात उकळून पाणी फेकलं की राखेतलं सगळं निघून जातं. खरं आहे का? – एक वाचक, सावनेर तालुका

अर्धं खरं आहे. धातू अळंबीवर आहे की अळंबीत, हे आधी पाहायचं.

शिसं बहुतेक वेळा वर असतं. जमिनीतलं शिसं अळंबी फारसं ओढून घेत नाही. ते येतं धुळीतून, राखेतून, चिकटलेल्या मातीतून. राखेतल्या आर्सेनिकचंही बरंचसं तसंच. ओल्या छत्रीवर राख बसली की नुसत्या पाण्यानं हलत नाही, खालच्या पात्यांच्या फटीत तर मुळीच नाही. सात्यांना वारुळात खोल गेलेली लांब मुळी असते, तिला चिकणमाती घट्ट धरून बसते. म्हणून मुळी जिथून मातकट दिसायला लागते तिथून कापून फेका, छत्री मऊ ब्रशनं झाडा, मग वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा धुवा. आधी भिजत घालू नका. गढूळ पाणी पात्यांत शिरतं. एवढं नीट केलं तर शिशाचा प्रश्न बराच आटोक्यात येतो.

कॅडमियम आणि पारा यांची गोष्ट वेगळी. अळंबीचे तंतू जमिनीत दूरवर पसरतात, हे दोन धातू शोषतात आणि वर पाठवतात. कित्येक जातींत त्यांचं प्रमाण खालच्या मातीपेक्षाही जास्त भरतं. देठापेक्षा छत्रीत जास्त, आणि छत्रीतही पात्यांत सर्वांत जास्त. पाच मिनिटं उकळून पाणी फेकलं तर कॅडमियमचा काही भाग जातो, पण पोटॅशियम, जीवनसत्त्वं आणि चवही त्याच पाण्याबरोबर जाते. मीठ-हळदीनं यात काही फरक पडत नाही.

तेव्हा बंधाऱ्यातलं पाणी पावसात ज्या धुऱ्यावरून वाहतं तिथल्या सात्या खाऊ नका. वाऱ्यानं राख येते पण पाणी येत नाही, अशा ठिकाणच्या वर सांगितल्याप्रमाणे साफ करून कधीमधी खायला हरकत नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई यांना मात्र त्याही देऊ नका. हाच नियम महामार्गाच्या कडेलाही लावा. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण आधी पडलेलं शिसं वरच्या मातीत टिकून राहतं. रस्त्यापासून ५० मीटर तरी आत जा.

प्रश्न : रामटेककडच्या जंगलातले टेकोडे (हीही जंगली अळंबीच) वाळवून प्रयोगशाळेत दिले. अहवालात कॅडमियम किलोला ३.२ मिलिग्रॅम आलं. युरोपात जंगली अळंबीला मर्यादा ०.५० आहे म्हणे. म्हणजे सहापट? सगळे फेकून द्यायचे का? – एक वाचक, नागपूर

थांबा. तुमचा आकडा वाळलेल्या मालाचा आहे, मर्यादा ताज्या मालाची. ताज्या अळंबीत साधारण ९० टक्के पाणी असतं, म्हणून वाळल्या आकड्याला दहानं भागा : ०.३२. मर्यादेच्या आत. ही गफलत फार होते, आणि उलटीही होते. ताज्या मालाचा आकडा वाळल्याचा समजून लोक निर्धास्त राहतात. अहवालात ‘शुष्क’ की ‘ताज्या वजनावर’ हे लिहून मागा, पाण्याचं प्रमाणही मोजायला सांगा.

आता ताटातला हिशोब. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं २०१० साली ठरवलेली कॅडमियमची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला १,५०० मायक्रोग्रॅम. तुमच्या टेकोड्यांची २५० ग्रॅम ताजी भाजी म्हणजे ८० मायक्रोग्रॅम. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खाल्ली तर महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास. पण हा कोटा एकट्या अळंबीचा नाही. भात, पोळी, पालेभाजी यांतूनही कॅडमियम येतंच. तंबाखूचं झाड तर ते पानातच साठवतं, त्यामुळे बिडी ओढणाऱ्यानं अळंबीच्या आकड्यावरून घाबरणं जरा गमतीचं आहे. १५ किलोच्या मुलाचा कोटा ३७५, म्हणून त्याचं ताट लहान ठेवा. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि त्यातलं निम्मं बाहेर पडायलाच १० ते ३० वर्षं लागतात, त्यामुळे एका जेवणापेक्षा दरवर्षीची सवय महत्त्वाची.

पुन्हा नमुना द्याल तेव्हा एकाच जागेच्या किमान दहा अळंब्या, मिळून अर्धा किलो घ्या. वाळून सुमारे ५० ग्रॅम होतील. प्लास्टिकच्या सुरीनं कापा. घरच्या मिक्सरमध्ये दळू नका, पात्यांतून निकेल-क्रोमियम उतरतं आणि अहवालात भलतंच काही दिसतं. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. वाळवताना ४० अंशांच्या वर नेऊ नका, पारा उडून जातो. त्याच जागेची वरच्या १० सेंटिमीटरची मातीही वेगळ्या पिशवीत द्या. शिसं आणि लोह दोन्ही एकदम वाढलेलं दिसलं, तर नमुन्यात माती राहिली असा संशय घ्या.

प्रश्न : भाजीत चांदीचं नाणं टाकून ते काळं पडलं नाही तर अळंबी सुरक्षित, हे कितपत बरोबर? – एक वाचक, कामठी

अजिबात नाही. चांदी गंधकाच्या संयुगांनी काळी पडते; लसणानंही पडेल. कॅडमियम, पारा किंवा जीवघेण्या अळंबीतलं यकृताचं विष यांतलं काहीही तिला कळत नाही. त्या विषाची लक्षणं खाल्ल्यावर सहा ते चोवीस तासांनी दिसतात आणि शिजवूनही ते नष्ट होत नाही. जात ओळखता येत नसेल तर धातूंचा विचार करण्याची वेळच येत नाही, ती अळंबी खाऊच नका. लोखंडी कढईत भाजी काळपट होते ती मात्र लोहामुळे, त्यानं काही बिघडत नाही.

प्रश्न : सोयाबीनच्या कुटारावर (भुश्शावर) धिंगरी अळंबी लावतो. तिच्यात जड धातू नसतातच ना? – एक वाचक, हिंगणा

धिंगरीही कॅडमियम शोषते, फक्त तिला मिळतं ते कुटारातून आणि पाण्यातून. सांडपाण्यावर पिकलेल्या शेतातलं किंवा कारखान्यालगतचं कुटार घेऊ नका. भिजवायला नाल्याचं पाणी वापरू नका. खोलीत रंगाचे पोपडे पडत असतील तर आधी भिंती खरवडून धुऊन घ्या, जुन्या रंगात शिसं असू शकतं. एवढं पाळलं तर नगामागे तपासणीचा खर्च करण्याची गरज नाही. कुटाराची नवी खेप नव्या गावाहून आली की एकदा तपासून घ्या.