पान उंदराला पचलं, मग माणसाला चालेल का?

या वेळी सगळ्यांनी फिरवून फिरवून तेच विचारलंय, अमुक औषधी झाडाची पानं माणसाने खाल्ली तर चालतील का आणि ते तपासायचं कसं. म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न: मी एमएस्सी करतेय. पानांचा अर्क उंदरांना किलोमागे २००० मिलिग्रॅम दिला, एकही मेला नाही. "माणसासाठी सुरक्षित" असं लिहू का?

उत्तर: नको लिहू. (विद्यार्थिनी आहेस म्हणून तू म्हणतो.) तू केलीस ती अ‍ॅक्यूट टॉक्सिसिटी, ओईसीडीची (या आंतरराष्ट्रीय संघटनेने टेस्टच्या पद्धतींना नंबर दिलेत) ४२३ नंबरची पद्धत असणार, एकदाच डोस द्यायचा आणि १४ दिवस बघत बसायचं. त्यातून एवढंच कळलं की एका फटक्यात हे पान जीव घेत नाही. पण लोक काय एकदाच खाऊन थांबतात? चांगलं आहे म्हटलं की महिनोन्‌महिने रोज सकाळी घेतात, आणि हळूहळू लिव्हर जात असेल तर ते तुझ्या टेस्टमधे दिसणारच नाही. कॉम्फ्री या औषधी वनस्पतीची पानं बघ, त्यात पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स नावाची विषारी रसायनं असतात, पहिल्या दिवशी काहीच होत नाही पण रोज घेत राहिलं तर लिव्हरमधल्या बारीक शिरा बंद होत जातात. अमेरिकेच्या एफडीएने २००१ मधे कॉम्फ्रीची सप्लिमेंट्स बाजारातून काढायला सांगितली ती त्यामुळेच. तर पुढे २८ दिवसांची (४०७) आणि मग ९० दिवसांची (४०८) टेस्ट लागते, रोज डोस, शेवटी रक्त तपासायचं आणि लिव्हर, किडनी, हृदय सगळ्याच्या स्लाइड्स. शिवाय डीएनएला धक्का लागतो का ते बघायला एम्स टेस्ट (बॅक्टेरियांवर करतात ती). आत्ता फक्त "एका डोसला, २००० पर्यंत मृत्यू नाही" इतकंच लिही, गाइड काहीही म्हणोत.

प्रश्न: उंदराच्या डोसवरून माणसाचा डोस कसा काढतात?

उत्तर: रोज डोस देऊन केलेल्या लांबच्या टेस्टमधे ज्या डोसला काहीच बिघाड दिसला नाही तो सगळ्यात मोठा डोस धरायचा आणि साधारणपणे १०० ने भागायचं, १० प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, १० माणसामाणसातल्या फरकासाठी. समजा तो डोस किलोमागे १००० मिलिग्रॅम निघाला, तर माणसाला १०, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०० मिलिग्रॅम. आता इथेच हमखास घोळ होतो, हे ६०० अर्काचे आहेत, पानाचे नाहीत! १०० ग्रॅम सुक्या पानातून १० ग्रॅम अर्क निघत असेल तर ते झालं ६ ग्रॅम सुकं पान. आणि अर्क अल्कोहोलमधे काढला असेल आणि तुम्ही काढा पाण्यात करताय, तर दोन्हींत उतरणारी रसायनंच वेगळी, मग हा हिशोबही कामाचा नाही.

प्रश्न: ससे आवडीने खातात ते पान. मग?

उत्तर: बेलाडोना या विषारी झाडाची पानंही खातात. बऱ्याच सशांच्या शरीरात अ‍ॅट्रोपिन हे त्यातलं विष मोडणारं एन्झाइम असतं, आपल्यात नाही. विषय संपला.

प्रश्न: पिढ्यानपिढ्या लोक खातायत, मग टेस्ट कशाला?

उत्तर: जुना वापर हा पुरावा आहेच, मी तो उडवून लावणार नाही. पण लोक ते कसं खात होते हेही बघाल की नाही? सॉरोपस अँड्रोगायनस नावाचं झुडूप आहे, मलेशियाकडे त्याची पानं शिजवून भाजी म्हणून खातात. तैवानमधे १९९४-९५ च्या सुमाराला वजन कमी करायला त्याच पानांचा कच्चा रस रोज प्यायचं फॅड आलं आणि कित्येक बायकांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या आखडल्या, काहींना तर फुप्फुस बदलावं लागलं. झाड तेच, पान तेच. फक्त शिजवलेलं थोडंसं खायचं ते कच्चं, भरपूर आणि रोज झालं. त्यामुळे तुमच्याकडच्या पानाची कॅप्सूल निघणार असेल तर जुन्या वापराचा दाखला त्या कॅप्सूलला लागू पडत नाही.

प्रश्न: घरीच थोडं चाखून बघितलं तर?

उत्तर: अजिबात नको. जिभेला कडू-तुरट कळतं, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडतेय का, ते कळत नाही.

प्रश्न: लॅबला पानं पाठवायचीत, कशी पाठवू?

उत्तर: आधी ओळख पक्की करा, बाकी सगळं नंतर. कॉम्फ्री समजून फॉक्सग्लोव्ह या विषारी झाडाची पानं उकळून प्यायलेली माणसं हृदयाचे ठोके बिघडून दवाखान्यात पोचलीयत, फूल नसताना दोन्ही पानं फार सारखी दिसतात. म्हणून फूल किंवा फळ असलेली अख्खी फांदी कागदात दाबून, सुकवून वनस्पतीतज्ज्ञाला दाखवा, हर्बेरियमचा (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा) नंबर घ्या आणि त्याच झाडाची पानं लॅबला द्या. सोबत जड धातूंची टेस्टही सांगा, डब्ल्यूएचओच्या हिशोबाने सुक्या वनस्पतीत शिसं किलोमागे १० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.३ च्या वर नको, रस्त्याकडेच्या झाडाची पानं तर बिलकुल तोडू नका. आणि कृपा करून पावडर करून पाठवू नका, मग ते पान होतं तरी कशाचं हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो.