आठ हातांची 'ती' आणि उसातला 'तो'

'माय ऑक्टोपस टीचर' हा माहितीपट बघून घरातले सगळे रडले, पण दुसऱ्या दिवशी मनात आलं की हे प्रेम खरं होतं की नुसती कॅमेऱ्याची करामत? आणि माणूस व समुद्रातले जंगली प्राणी यांच्यावर आणखी काय बघावं? असा तुमचा प्रश्न आहे.

मी नाशिकचा, इंदिरानगरात राहतो. आम्हाला समुद्र बघायचा तर कसारा घाट उतरून जावं लागतं. आमची गोदावरी तर अशी, की त्र्यंबकला उगम, अरबी समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर म्हणावा असा, आणि ही बाई त्याच्याकडे पाठ फिरवून साडेचौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. तेव्हा माझं समुद्राचं ज्ञान पडद्यावरचंच. पण लहानपण निफाड तालुक्यात, उसाला खेटून असलेल्या वस्तीवर गेलं. तिथे जंगली जनावर शेजारी असणं म्हणजे काय ते रोजचं होतं, म्हणून लिहितो.

आधी करामतीचं. थोडी आहेच. एका मादी ऑक्टोपसला रोज भेटायला जाणारा चित्रपटकार क्रेग फॉस्टर पाण्यात शिरताना दिसतो, तेव्हा त्याच्यासमोर कॅमेरा धरून दुसरं कुणीतरी असणारच ना? जवळजवळ वर्षभर रोज मारलेल्या बुड्यांतून दीड तासाचा सिनेमा काढायचा म्हटलं की काय ठेवायचं, काय गाळायचं हे टेबलावर बसून ठरतं. संगीत आपल्याला कुठे रडायचं ते सांगतं. आणि ती हात पुढे करून त्याचा हात धरते तो प्रसंग, ज्यावर आमच्याकडेही रुमाल निघाले, त्याची दुसरी बाजू अशी की ऑक्टोपसच्या हातांवरची चूषकं, म्हणजे चिकटणाऱ्या वाट्या, चव घेतात. म्हणजे ती हात धरत होती आणि त्याच वेळी हे नक्की काय आहे ते चाखूनही बघत होती. तिच्या साधारण ५० कोटी मज्जापेशींपैकी दोन तृतीयांश हातांतच असतात. ही जात एकटी राहणारी. मादी अंडी राखते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत स्वतः संपते. आईची माया काय ते पिल्लांनाही माहीत नसतं. अशा जिवाला 'मैत्री' हा आपला शब्द चिकटवताना मला जरा अवघडल्यासारखं होतं.

तरीही तो सिनेमा मला खोटा वाटत नाही, आणि त्याचं कारण हात धरण्याच्या प्रसंगात नाही. सुरुवातीलाच त्याच्या हातून कॅमेऱ्याची एक लेन्स पडते, ती घाबरते आणि बीळ सोडून निघून जाते. मग हा माणूस दिवसच्या दिवस तिचा माग काढत बसतो. खाऊन टाकलेल्या शिंपल्या, वाळूतली खूण, खणलेली जागा. हे तो शिकला होता कलहारी वाळवंटातल्या सॅन या शिकारी लोकांकडून. त्यांच्यावर त्याने पूर्वी भावाबरोबर एक सिनेमा केला होता. 'ऑक्टोपस टीचर'ला ऑस्कर मिळालं २०२१ मध्ये, पण माझ्या मते ते या माग काढण्यालाच मिळायला हवं होतं. केप टाऊनजवळचं ते पाणी कधी कधी आठ-नऊ अंशांवर येतं. त्यात वेटसूट न घालता रोज उतरायचं आणि ती बाहेर आली तर आली, नाही तर परत जायचं. शार्क तिचा हात तोडून नेतो तेव्हाही तो मध्ये पडत नाही.

आमच्या वस्तीवर बिबट्याशी असंच काहीसं होतं. आजी रात्री त्याचं नाव घेत नसे. सापाला 'लांबडं' आणि बिबट्याला नुसतं 'तो'. 'तो आज पाटाच्या कडेने गेलाय, कुत्र्याला आत घ्या,' एवढंच. पहाटे चिखलातले ठसे बघून तिला कळायचं की एकटा होता की मागे पिल्लं होती. त्यालाही आमचं माहीत असणार: वीज कधी येते, पाणी धरायला कोण कधी जातो. याला मी मैत्री म्हणणार नाही, भीती तर होतीच. पण एकमेकांचं वेळापत्रक पाठ होतं. ऊसतोडीत बछडी सापडली की वनखात्याची माणसं ती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, बाजूला कॅमेरा लावतात आणि सगळे लांब होतात. रात्री आई येते, एकेकाला तोंडात धरून नेते. ते काळ्यापांढऱ्या रंगातलं चित्रीकरण कधी बघा. संगीत नाही, निवेदक नाही, माणूस तर नाहीच, आणि तरी अंगावर काटा येतो.

आता उलट बाजू. लूना नावाच्या ओर्काची, म्हणजे किलर व्हेलची, गोष्ट तुम्ही बघायलाच हवी. 'सेव्हिंग लूना' हा माहितीपट २००७ चा, नंतर तोच 'द व्हेल' या नावाने पुन्हा आला. २००१ मध्ये कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेला नूटका साऊंड नावाच्या खाडीत हे पिल्लू एकटंच सापडलं. वय जेमतेम दोन वर्षं, कळपाची ताटातूट झालेली. आणि ओर्का म्हणजे ऑक्टोपसच्या अगदी उलट, जन्मभर आईच्या कळपात राहणारी जात. आपलं कुणी नाही म्हटल्यावर ते बोटींशी बोलायला लागलं. अंग घासायचं, तोंड वर काढून माणसाच्या डोळ्यात बघायचं. सरकार म्हणालं, जवळ जाऊ नका, दंड होईल. तिथले मोवाचाट-मुचालाट आदिवासी लोक म्हणाले, हा आमच्या वारलेल्या सरदाराचा आत्मा आहे. २००४ मध्ये त्याला पकडून कळपाकडे न्यायचं ठरलं, तर हे लोक होड्या वल्हवत, गाणी म्हणत त्याला पिंजऱ्यापासून दूर घेऊन गेले. मार्च २००६ मध्ये एका टगबोटीच्या पंख्यात सापडून तो गेला. बोटीची भीती राहिलीच नव्हती त्याला.

यात चुकलं कोण, हे मला अजून ठरवता येत नाही. सरकारचंही पटतं, त्या लोकांचंही पटतं. एकट्या पिल्लाकडे पाठ फिरवायची तरी कशी? आमच्या सोसायटीत मुलांनी एका मुंगसाला अंड्याची सवय लावली होती, आणि मीही दोनदा दिलं, खोटं कशाला बोलू. गाडीचा आवाज आला की पळायच्या ऐवजी ते गेटकडे यायला लागलं. पुढचं सांगत नाही.

फॉस्टर आणि लूना यांतला माझ्या दृष्टीने मुख्य फरक हा, की ऑक्टोपसला माणसाची गरज कधीच पडली नाही. तो आला नसता तरी तिचं आयुष्य तसंच गेलं असतं. गरज त्याला होती, थकलेला होता तो, आणि तसं तो कबूलही करतो. लूनाचं मात्र आपल्यावाचून अडलेलं होतं. असे सिनेमे बघताना मी आता एवढंच बघतो, कोण कुणावाचून अडलंय आणि त्यातल्या जनावराला उठून जाता येतंय का.

या कसोटीवर 'ब्लॅकफिश' (२०१३) फार त्रास देतो, कारण तिथे उठून जायला जागाच नाही. टिलिकम नावाच्या ओर्काला १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडलं, पुढे आयुष्य खेळ करत टाकीत गेलं, आणि त्याच्यामुळे माणसं मेली. प्रशिक्षकांचं त्याच्यावर प्रेम होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. जपानमधल्या डॉल्फिनच्या शिकारीवरचा 'द कोव्ह' (२००९) थोडा थरारपटासारखा आहे. पण त्यातला रिक ओ'बॅरी, ज्याने टीव्हीवरच्या 'फ्लिपर'साठी डॉल्फिन शिकवले आणि नंतर सगळं आयुष्य डॉल्फिन सोडवण्यात घालवलं, तो माणूस बघण्यासारखा आहे. 'ब्लॅकफिश' आला त्याच २०१३ साली आपल्याकडे डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या टाक्यांना सरकारने मनाई केली.

आपल्याकडचा एक मात्र चुकवू नका: माईक पांडे यांचा 'शोअर्स ऑफ सायलेन्स', साल २०००. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार कशी चाले, ते त्यात आहे. बसएवढा लांब, पण कुणाला काही न करणारा मासा. हा माहितीपट आला आणि २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, जागा मिळाली. माशांमध्ये पहिला मान त्याचा. पुढे २००४ पासून मोरारी बापूंनी कोळ्यांना समजावलं की ही बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. नाव पडलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. ज्या हातांनी मारलं तेच हात आपली महागडी जाळी कापून तिला सोडायला लागले. माहेरवाशीण आली म्हटल्यावर मारणार कोण? हा युक्तिवाद आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तिला कुणी कुरवाळत नाही, ती कुणाला ओळखत नाही, पण मला हेच नातं सगळ्यात खरं वाटतं.

पडद्यावरचं पुरे झालं की फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांचं काम सुरू केलं, आता गाव ते सांभाळतं. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांची टोपली वाळूवर उलटी करतात, ती पाण्याकडे निघतात आणि आपण दोरीच्या अलीकडे उभे. माझी मुलगी दोरीखालून हात घालायला निघाली तर तिथल्या काकूंनी असा काही आवाज दिला की मीसुद्धा दोन पावलं मागे सरलो.

तिनेच मागे विचारलं होतं, "पप्पा, त्या काकांनी ऑक्टोपसला नाव का नाही ठेवलं?" खरंच नाही ठेवलेलं, पूर्ण सिनेमाभर नुसतं 'ती'. मी म्हटलं, पणजी बिबट्याला काय म्हणायची माहितेय का?

आणि हो, घरात लहान मुलं असतील तर लूनाचा शेवट आधीच सांगून ठेवा. आम्ही सांगितला नव्हता.