'मोनोक्रोटोफॉस' तोडायचं कुठं?

प्रश्न असा: आठवीतल्या मुलीनं शेतीच्या प्रकल्पात 'मोनोक्रोटोफॉस' या कीटकनाशकाच्या नावाची 'मोनोक-रोटो-फॉस' अशी फोड केली, बाईंनी चूक दिली. मग बरोबर कोणती?

उच्चाराची फोड विचारली की अर्थाची, ते आधी पाहायला हवं. दोन्ही वेगळ्या.

उच्चाराचे तुकडे पाच: मो-नो-क्रो-टो-फॉस. देवनागरीत अक्षरं सहा दिसतात, पण शेवटच्या 'स'मधला अ आपण बोलत नाही, म्हणून तो 'फॉ'ला चिकटतो. 'कापूस' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना का-पूस असे दोनच तुकडे. 'क्रो'मधले क आणि र मात्र इंग्रजीतही फुटत नाहीत. 'मोनोक' चुकलं ते इथं.

अर्थाचे घटक तीन: मोनो, क्रोटो, फॉस. आपल्या समासासारखा याचा विग्रह होत नाही. हे रसायनवाल्यांनी जुळवलेलं नाव. 'मोनो' म्हणजे एक. याच्या नायट्रोजनवर मिथाइल गट एकच असतो. दोन असले की डायक्रोटोफॉस. 'क्रोटो' आला क्रोटोनिक आम्लावरून, ते नाव क्रोटन तेलावरून, आणि हे तेल निघतं जमालगोट्याच्या बियांतून! ग्रीकमध्ये 'क्रोटॉन' म्हणजे गोचीड, बी तशी दिसते म्हणून. (एरंडाचं शास्त्रीय नाव 'रिसिनस', लॅटिनमध्ये तीही गोचीडच. बैलाच्या गोचिड्या काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.) 'फॉस' फॉस्फरसचा.

या शब्दात दोन्ही फोडींचे सांधे जुळले, हे नशीब. 'हेलिकॉप्टर' बोलताना हे-लि-कॉप-टर. घटक मात्र 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. 'हेलि' अधिक 'कॉप्टर' ही फोड इंग्रजी बोलणाऱ्यांनीच मागाहून रूढ केली.

आपल्याकडं पऱ्हाटीवर फवारणारा माणूस नुसतं 'मोनो' म्हणतो. बोलायला सोपं, पण नावातला सगळ्यात कमी सांगणारा तुकडा तोच. औषधाचं कूळ शेपटात आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले. अशा वेळी डॉक्टर आधी डबा मागतात, आणि डब्यावरचा 'फॉस' बरंच सांगून जातो: प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, ट्रायझोफॉस, सगळी एकाच ऑर्गॅनोफॉस्फेट (फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या) घराण्यातली. इंग्रजी स्पेलिंगात कुठं 'पीएच', कुठं 'एफ'. देवनागरीत सगळीकडं 'फ'च.