सुट्टी मुलांची, रजा आपली

दोन मुले, दोन वेगळ्या शाळा, आई-वडील दोघेही नोकरीत, आणि सत्र संपायला पंधरा दिवस उरले की घरात सुरू होणारी तीच धावपळ, असे तुम्ही लिहिले आहे. दोन्ही शाळांच्या सुट्ट्या जुळत नाहीत, रजा पुरत नाही, आणि तरीही प्रत्येक सुट्टीत मुलांना कुठेतरी नेले नाही तर आपण कमी पडलो असे वाटते, हे तुमच्या प्रश्नाचे सार. त्यातल्या शेवटच्या भागाचे उत्तर आधीच देऊन टाकते: प्रत्येक सुट्टीत बाहेर जाण्याची काहीही गरज नाही. बाकीच्या भागाबद्दल मात्र सविस्तर लिहावे लागेल. माझा थोरला आता शाळेतून बाहेर पडला आहे, धाकटीची दोन वर्षे राहिली आहेत, आणि एवढ्या वर्षांत आमचे नियोजन जितक्या वेळा जमले त्याहून अधिक वेळा फसले आहे.

सुट्टी आणि रजा यांची गल्लत हेच बहुतेक घरांतल्या गोंधळाचे मूळ असते. सुट्टी शाळा देते. ती मुलांना न मागता मिळते आणि वर्षाच्या सुरुवातीलाच दिनदर्शिकेत छापून येते. रजा मागावी लागते, मोजून मिळते आणि संपली की संपली. आपण सुट्टीकडे पाहून बेत करतो आणि मग रजा त्यात कशीबशी बसवतो. ते उलटे करून पाहावे. आधी दोघांच्या हातात रजेचे किती दिवस आहेत ते मोजावे आणि मग सुट्ट्यांकडे वळावे.

हा हिशेब एकदा कागदावर मांडला की पुष्कळ गोष्टी उलगडतात. समजा, शाळा वर्षातून २०० दिवस भरते. ३६५ मधून ते वजा केले की १६५ उरतात. शनिवार-रविवार मिळून त्यातले १०४ जातात, म्हणजे ६१ दिवस असे राहतात की जेव्हा मुले घरी असतात आणि वार कामाचा असतो. त्यातले साधारण १० दिवस सगळ्यांनाच सार्वजनिक सुट्टी असते असे धरले तरी ५१ उरतात. आता दोघांनाही प्रत्येकी २० दिवसांची रजा आहे असे समजू. दोघांनी ती कधीच एकत्र घेतली नाही, तर ४० दिवस भागतात. पण तसे केले तर संपूर्ण कुटुंब एकत्र असा एकही दिवस मिळत नाही. दहा दिवस एकत्र घेतले, तर भागणारे दिवस ३० वर येतात आणि २१ दिवस उघडे पडतात. आजारपणासाठी प्रत्येकी तीन दिवस बाजूला ठेवले, आणि ते ठेवायलाच हवेत, तर ही तूट २७ वर जाते. तुमच्याकडे तर दोन शाळा आहेत, म्हणजे न जुळणारे दिवस यात आणखी वाढतील. तुमचे आकडे वेगळे असतील, पण तूट निघणार हे मी आजच सांगू शकते. ती तुमच्या नियोजनातली चूक नाही, गणितच तसे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या करारात वर्षाला किमान तीन आठवड्यांची भरपगारी रजा सांगितली आहे, युरोपीय संघाच्या नियमात चार आठवड्यांची. आणि शाळा तर कुठेही वर्षातून दहा-बारा आठवडे सहज बंद असते. ही दोन मापे एकमेकांसाठी बेतलेलीच नाहीत.

तूट दिसली की खरा प्रश्न समोर येतो: एकत्र घालवायचे ते दहा दिवस नेमके कुठे टाकायचे? आम्ही एका वर्षी ते सगळे, उलट त्याहूनही जास्त, मोठ्या सुट्टीत टाकले. सोळा दिवसांचा लांब प्रवास केला. तो चांगला झाला, पण दहाव्या-अकराव्या दिवसापासून मुले आपापसांत भांडू लागली आणि आम्ही दोघे परतीच्या दिवसाकडे डोळे लावून बसलो, हेही खरे. पुढच्या सत्रान्ताला पाच दिवसांची छोटी सुट्टी आली, तेव्हा दोघांच्याही खात्यात रजा नव्हती. धाकटी तेव्हा आठ वर्षांची होती. स्वयंपाकघराच्या दारामागे आमची भिंतीवरची दिनदर्शिका असते, तिच्यावर प्रत्येकाच्या रंगाच्या पेन्सिलीने खुणा करायची पद्धत आहे. त्या पाच चौकोनांत तिने हिरव्या पेन्सिलीने, प्रत्येक चौकोनात वेगळे वेगळे, ‘काही नाही’ असे लिहिले होते. पाचव्या चौकोनात जागा पुरली नाही म्हणून ‘नाही’ खालच्या ओळीत गेले होते. ते पान मी अजून ठेवले आहे.

त्या वर्षानंतर आम्ही रजा वाटून टाकू लागलो. याला केवळ भावनेचा आधार नाही. जेसिका डी ब्लूम या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सरासरी २३ दिवसांच्या रजेवर गेलेल्या ५४ कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची आणि मनःस्थितीची नोंद ठेवली होती. बरे वाटण्याची पातळी आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत वर पोहोचली आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्वीच्या जागी आली. त्याआधी, २०१० मध्ये, येरून नाविन आणि सहकाऱ्यांनी १,५३० डच प्रौढांची पाहणी केली होती. तिच्यात सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी दिसले ते मुख्यतः निघण्यापूर्वी. परत आल्यावर, अगदी निवांत सुट्टी मिळालेल्यांचा अपवाद सोडला, तर दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. एवढ्याशा आकड्यांवरून कोणी आपले आयुष्य आखू नये, आणि हे अभ्यास मोठ्या माणसांचे आहेत, मुलांचे नाहीत. तरीही माझ्या अनुभवाशी ते जुळतात. पुढे काहीतरी ठरलेले आहे, ही जाणीव मुलांना प्रवासाइतकीच सुखावते, आणि वर्षातून एकदाच वाट पाहण्यापेक्षा चारदा वाट पाहणे केव्हाही बरे. म्हणून मोठ्या सुट्टीत आठ-नऊ दिवसांचा एकच सलग प्रवास करावा (शनिवार-रविवार धरून त्याला रजेचे पाच-सहा दिवस लागतात), आणि उरलेले चार-पाच दिवस प्रत्येक छोट्या सुट्टीत एकेक-दोनदोन करून राखून ठेवावेत, असे माझे मत आहे.

दोन शाळांच्या सुट्ट्या जुळत नाहीत ही तुमची मुख्य तक्रार आहे. ती मला पूर्णपणे कळते, कारण आमच्याकडे सात वर्षे तीच स्थिती होती. दोन्ही दिनदर्शिका हाती आल्या की सर्वप्रथम एवढेच करावे: दोन्हींत समान असलेले दिवस एका रंगाने भरावेत. दोघांनी मिळून घ्यायची रजा फक्त त्या रंगात पडली पाहिजे, बाहेर एक दिवसही नाही. समान न पडणाऱ्या दिवसांचे दुःख करण्याऐवजी ते वेगळ्या कामी लावता येतात. एका मुलाला सुट्टी आहे आणि दुसऱ्याची शाळा चालू आहे, असा दिवस म्हणजे त्या मुलाला एक पालक अख्खा मिळण्याची संधी असते. एरवी दोन मुलांच्या घरात ती फार क्वचित येते. थोरला बारा वर्षांचा असताना असाच एक मंगळवार आम्हाला मिळाला. आम्ही काही ठरवले नव्हते. बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि परत आलो. येताना त्याने वर्गातल्या एका मुलाबद्दल जे सांगितले, ते चौघे एकत्र असताना त्याने कधीही सांगितले नसते. तेव्हापासून प्रत्येक मुलाच्या वाट्याला वर्षातून असे निदान दोन दिवस यावेत, हा आमचा नियम झाला. या दिवसाचा कार्यक्रम मुलाने ठरवायचा. खर्चाची मर्यादा आपण सांगायची आणि कार्यक्रमात नाक खुपसायचे नाही. हे दुसरे जास्त अवघड आहे.

उघड्या पडणाऱ्या दिवसांसाठी आजी-आजोबा, शिबिरे, घरून काम हे नेहमीचे मार्ग तुम्हाला ठाऊकच आहेत. घरून कामाबद्दल एकच इशारा देते. लहान मूल घरात असताना केलेले काम हे धड काम नसते आणि मुलासोबत घालवलेला वेळही नसतो. तो दिवस तुटीतच मोजावा, कुटुंबाच्या वेळेत नव्हे. त्यापेक्षा मुलांच्या वर्गातल्या दोन-तीन विश्वासाच्या कुटुंबांशी अदलाबदल ठरवणे मला अधिक उपयोगी वाटले आहे. आज आमच्याकडे चार मुले, परवा ती चारही तुमच्याकडे. एका रजेच्या बदल्यात तीन दिवस भागतात आणि मुलांना सोबतही मिळते. हे मात्र सत्राच्या सुरुवातीलाच तारखांनिशी ठरवावे लागते, नाहीतर ज्याला नकार देता येत नाही अशा एकाच घरावर सगळा भार पडतो.

रिकाम्या दिवसांना घाबरू नये, हेही सांगायला हवे. शिबिरांनी गच्च भरलेली सुट्टी मुलांना दुसरी शाळाच वाटते. मात्र पूर्ण मोकाट सुट्टीही मानवत नाही. मोठ्या सुट्टीत मुलांचे वजन शाळेच्या दिवसांपेक्षा वेगाने वाढते, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे, आणि उठणे, जेवणे, खेळणे यांचा ठरलेला क्रम मोडणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. आम्ही फक्त सकाळची उठण्याची वेळ आणि दुपारच्या जेवणाची वेळ बांधली आणि मधला वेळ मोकळा सोडला. अभ्यासाबद्दल विचाराल, तर हॅरिस कूपर यांनी १९९६ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन लांब सुट्टीनंतर सरासरी सुमारे एका महिन्याच्या अभ्यासाइतकी घट होते, आणि वाचनापेक्षा गणितात ती जास्त असते, असे म्हटले होते. नंतरच्या संशोधकांचे या घटीच्या प्रमाणाबद्दल एकमत नाही. रोज पंधरा मिनिटांची आकडेमोड आणि झोपताना पुस्तक, एवढ्यावर मी समाधान मानले आणि प्रवासाच्या दिवसांत तेही सोडून दिले.

परतीचा दिवस शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी कधीही ठेवू नये. किमान तीन दिवस, जमल्यास चार, घरी हवेत. माणसाच्या शरीरातले घड्याळ बहुतेकांमध्ये २४ तासांपेक्षा किंचित लांब चालते, त्यामुळे उशिरा झोपणे सहज जमते आणि लवकर झोपणे कष्टाने. किशोरवयीन मुलांत तर झोपेची वेळ मुळातच पुढे सरकलेली असते. झोप रोज पंधरा-वीस मिनिटांनी मागे आणावी लागते आणि ते काम शेवटच्या रात्री होत नाही. वेळेचे पट्टे ओलांडून प्रवास केला असेल, तर ढोबळ हिशेबाने प्रत्येक पट्ट्याला एक दिवस धरावा. याशिवाय बुटांचा प्रश्न असतो. एका वर्षी शाळा उघडली त्या सकाळी सव्वासात वाजता थोरल्याचा पाय बुटात जाईना. सुट्टीत पाय वाढला होता आणि दोन महिने कोणी बूट घालूनच पाहिले नव्हते. तो पहिल्या दिवशी खेळाच्या चपलांत गेला आणि शाळेने त्याच्या वहीत आमच्यासाठी शेरा लिहिला. त्या तीन दिवसांतल्या पहिल्या दिवशी बूट, गणवेश आणि राहिलेला गृहपाठ पाहावा. तिसऱ्या दिवशी काहीही ठेवू नये.

गर्दी आणि वाढलेले दर टाळण्यासाठी शाळा बुडवावी का, हा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारला आहे. पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी एखादा दिवस बुडाला तर आकाश कोसळत नाही असे मीही मानत असे. पण शाळेचा नियम आधी वाचावा, कारण काही देशांत विनापरवानगी गैरहजेरीसाठी पालकांना दंड होतो. इंग्लंडच्या अशाच एका प्रकरणात २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पालकाच्या विरोधात निर्णय दिला होता. दुसरा उपाय अधिक सरळ आहे: ज्या ठिकाणी जायचे, तिथल्या शाळांच्या सुट्ट्या पाहाव्यात. सगळीकडे त्या एकाच वेळी नसतात. जर्मनीतील १६ राज्ये उन्हाळी सुट्ट्या वेगवेगळ्या तारखांना सुरू करतात, आणि फ्रान्समध्ये हिवाळ्यातल्या व वसंतातल्या सुट्ट्यांसाठी देशाचे तीन विभाग केले आहेत, ते रस्त्यांवर आणि पर्यटनस्थळी एकदम लोंढा येऊ नये म्हणूनच. आपली मोठी सुट्टी तिथल्या मोठ्या सुट्टीवर पडत नाही, असे ठिकाण थोड्या शोधाने सापडते. आरक्षण करताना मात्र रद्द करण्याच्या अटी आधी वाचाव्यात, कारण शाळा तारखा बदलतात. परीक्षा पुढे गेली आणि आमची तिकिटे वाया गेली, असे एकदा झाले आहे. तेव्हापासून शाळेकडून लेखी वेळापत्रक हाती आल्याशिवाय परतावा न मिळणारे काहीही मी घेत नाही.

तुमच्या पुढच्या सत्रान्ताला सहा आठवडे आहेत असे तुम्ही लिहिले आहे. तेवढा वेळ भरपूर आहे. या आठवड्यात दोन्ही दिनदर्शिका शेजारी ठेवून समान दिवस रंगवा, दोघांच्या रजेची शिल्लक कार्यालयातून विचारून घ्या आणि त्या सुट्टीतल्या एकाच दिवसासाठी दोघांनीही रजेचा अर्ज देऊन टाका, कुठे जायचे हे ठरलेले नसले तरी. आणि मुलांच्या हाती पेन्सिली देऊन तो चौकोन त्यांनाच भरू द्या.