जुने कर्नल आपोआप सुरू व्हावे यासाठी काय करावे?

प्रश्न : आमच्या गावात वीज वारंवार जाते. संगणक पुन्हा सुरू झाला की उबुंटू ही कार्यप्रणाली नवे कर्नल (प्रणालीचा गाभा) घेते, त्यावर इंटरनेटचा डोंगल चालत नाही आणि पीकविम्याचे अर्ज भरायला आलेले शेतकरी ताटकळतात. दर वेळी मेनूतून जुने कर्नल निवडावे लागते. उपाय सांगावा.
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : 'ईटीसी'मधील 'डिफॉल्ट' फोल्डरातील 'ग्रब' ही (संगणक सुरू होतानाचा मेनू ठरवणारी) फाइल प्रशासकाच्या अधिकाराने उघडून 'ग्रब_डिफॉल्ट' या ओळीतील शून्याच्या जागी, अवतरणचिन्हांसह व इंग्रजी अंकांत, "१>२" लिहावे. मोजणी शून्यापासून होत असल्यामुळे १ म्हणजे मेनूतील दुसरी नोंद, बहुधा 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. तिच्या आत प्रत्येक कर्नलची एक साधी व एक रिकव्हरीची (दुरुस्तीसाठीची) नोंद असते, म्हणून लगतचे जुने कर्नल २ या क्रमांकावर येते. आपल्या पडद्यावरील क्रम मात्र एकदा स्वतः मोजून पाहावा. त्यानंतर 'सुडो अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावीच, अन्यथा बदल लागू होत नाही. पुढे आणखी नवे कर्नल आले की क्रमांक सरकतात. त्यामुळे दोन्ही नोंदींची पूर्ण नावे '>' या चिन्हाने जोडून लिहिणे मला अधिक भरवशाचे वाटते.