'बास्टर्ड' ही शिवी इंग्रजांना खरंच लागते का? ऑस्ट्रेलियात तर मित्रालाही म्हणतात

'२००८ च्या सिडनी कसोटीत आपण उगाच बाऊ केला का', असं तुम्ही प्रश्नाखाली विचारलंय, म्हणून लिहितोय. ऑस्ट्रेलियाचा ब्रॅड हॉग आपला कर्णधार कुंबळे आणि धोनीला उद्देशून 'बास्टर्ड' म्हणजे अनौरस हा शब्द बोलला, भारतीय संघानं तक्रार केली आणि पर्थच्या सुनावणीआधी कुंबळेनं ती मागे घेतली. तेव्हापासून 'तिकडे चालतं हो, आपणच हळवे' हे पालुपद ऐकून कान किटलेत. चालत असेल. पण तिकडच्या लोकांनी हा शब्द शेकडो वर्षं बायकामुलांवर कसा चालवला, तेही बघा.

सुरुवातीला तो फारसा बोचरा नव्हता. नॉर्मंडीचा विल्यम लग्नाबाहेर जन्मलेला, त्याला उघड 'बास्टर्ड' म्हणत, तरी १०६६ मध्ये तो इंग्लंडचा राजा झाला. पुढे जमिनीच्या वारसाहक्कानं कायदा आवळला. आईबापांनी नंतर लग्न केलं तर मूल औरस, असं चर्चचं म्हणणं होतं. १२३६ मध्ये मर्टन या ठिकाणी जमलेल्या इंग्लंडच्या सरदारांनी ते साफ नाकारलं. इंग्लंडमध्ये ही गोष्ट मान्य व्हायला १९२६ साल उजाडलं, आणि तेव्हाही जन्माच्या वेळी आईबापांपैकी कुणीही तिसऱ्याच कुणाशी लग्नात नसेल तरच.

पण खरा डंख गरिबांना बसला, कारण तिथे प्रश्न कराचा होता. निराधारांना पोसायचा खर्च पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव, घरपट्टीसारख्या करातून करायचं. अनौरस मूल साधारणपणे ज्या पॅरिशमध्ये जन्मलं त्याच्या गळ्यात. म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला हद्दीपार हाकलायचे प्रकार व्हायचे. १५७६ च्या कायद्यानं न्यायाधीशांना आईबापांना शिक्षा करायचा आणि पोटगी लावायचा अधिकार दिला. १७३३ पासून बाईनं शपथेवर नाव घेतलं की त्या पुरुषाला पकडत. पॅरिशला तोशीस पडणार नाही असा जामीन देईपर्यंत सुटका नाही. कधी गावचे अधिकारी लग्नच लावून टाकत, कारण लग्नानंतर बायको नवऱ्याच्या पॅरिशची, म्हणजे खर्च शेजाऱ्यांच्या माथी! १८३४ च्या कायद्यानं बराचसा भार उलट आईवरच टाकला. बापाकडून वसुली करायची तर तिच्या शब्दाला दुसरा पुरावा हवा. ओरड झाल्यावर १८४४ मध्ये तिला स्वतः दावा लावायची मुभा मिळाली.

या सगळ्यात नाव पडलं मुलाला, बोल लागला आईला. बाप शिवीत कुठेच नाही. 'आईवरून शिव्या आपल्याकडेच, इंग्लिश शिव्या निरुपद्रवी' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

आज लागते का? पूर्वीइतकी नाही. १९६९ च्या कायद्यानं, मृत्युपत्र नसलं तरी, अशा मुलांना आईबाप दोघांच्या संपत्तीत वारसा मिळाला; १९८७ मध्ये उरलेले बहुतेक भेद गेले. कायद्यातली ताकद ओसरली तशी शिवीही बोथट होत गेली. ऑस्ट्रेलियात ती मैत्रीत चालते हे खरं, पण बोलणाऱ्याच्या सुरावर आणि ओळखीवर. प्रतिस्पर्धी कर्णधार म्हणजे मित्र नव्हे, त्यामुळे तक्रार योग्यच होती. तुम्ही तिकडच्या ऑफिसात असाल तर समोरच्यानं हसत म्हटलं तर हसा, स्वतः मात्र वापरू नका.

हे सगळं इंग्लंड-वेल्सबद्दल. स्कॉटलंडमध्ये नंतरच्या लग्नानं मूल औरस व्हायचं. आणि भेद अगदी सगळे गेले असंही नाही: वंशपरंपरेनं चालणारे ड्यूक, अर्लसारखे किताब आजही लग्नाबाहेरच्या मुलाकडे जात नाहीत.