सुपरवायझर गेले, सूत्रही गेलं?

प्रश्न: आमचा रबर गॅस्केटचा छोटा कारखाना आहे. कंपाउंडिंग (रबरात इतर घटक मिसळण्याचं काम) सांभाळणारे सुपरवायझर राजीनामा देऊन जवळच्याच स्पर्धक कारखान्यात रुजू झाले. नेमणूकपत्रात ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं या धंद्यात काम करणार नाही’ अशी अट आहे. सूत्र आणि ग्राहकांचे दर त्यांनी नेले असावेत. त्यांना तिथलं काम करण्यापासून रोखता येईल का?
– एक उद्योजक, सांगली

उत्तर: त्या अटीच्या जोरावर नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कुणाला धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. मालकांच्या बाजूने 1967 चा गोलिकरी निकाल हमखास पुढे केला जातो. कल्याणचा टायर कॉर्ड (टायरच्या आतला मजबुतीचा धागा) प्रकल्प सोडून कोट्याच्या कंपनीत गेलेल्या सुपरवायझरवरची मनाई सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा कायम ठेवली. पण तो करार पाच वर्षांचा होता, सुपरवायझरने तो मध्येच सोडला होता आणि मनाई त्या मुदतीपुरतीच होती. तुमची अट मात्र नोकरी संपल्यानंतरच्या काळाची आहे.

रोखता येतो तो गुपिताचा वापर. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने 289 व्या अहवालात (मार्च 2024) तो करण्याची शिफारस केली आहे. तोवर मार्ग विश्वासभंगाच्या दिवाणी दाव्याचा. न्यायालय विचारतं: गुपित नेमकं कोणतं, ते विश्वासाने सोपवलं होतं का, आणि त्याचा वापर झाला किंवा होणार आहे का?

पहिल्याच प्रश्नावर बरेच दावे कोसळतात. ‘आमचं सगळं तंत्रज्ञान’ असं लिहून मनाई हुकूम मिळत नाही. 100 भाग रबराला कार्बन ब्लॅक, तेल, गंधक आणि ॲक्सिलरेटर (क्युअरिंगचा वेग वाढवणारं रसायन) किती भाग, मिलवर (मिसळण्याच्या यंत्रावर) कोणत्या क्रमाने, क्युअरिंग (उष्णतेने रबर पक्कं करणं) किती तापमानाला किती मिनिटं, हे नेमकं मांडा. मात्र दाव्याच्या मजकुरात ते उघड करू नका. सीलबंद पाकिटात सादर करण्याची परवानगी मागा. मिल चालवण्याचा हात आणि बिघाड ओळखण्याची नजर ही त्या माणसाची कमाई आहे, त्यावर तुमचा हक्क नाही. तुमचं गॅस्केट बाजारातून विकत घेऊन कुणी प्रयोगशाळेत सूत्र शोधलं, तर तेही बेकायदा नाही.

आता सर्वांत तातडीचं: त्यांचा लॅपटॉप फॉरमॅट करून नव्या माणसाला देऊ नका, स्वतः उघडूनही पाहू नका. नुसत्या हाताळणीने फायलींच्या तारखा बदलतात आणि पुरावा कमकुवत होतो. तज्ज्ञाकडून डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) आणि हॅश मूल्य (प्रतीत बदल झालेला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) घ्या; हा डिजिटल पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागेल. पेनड्राइव्ह जोडल्याच्या नोंदी आणि खासगी पत्त्यावर गेलेले मेल त्यात सापडू शकतात. परवानगीशिवाय डेटा उतरवल्याचं दिसलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं 43 व 66 लागू होऊ शकतात.

मग लगेच वकिलामार्फत दोन नोटिसा पाठवा, एक त्यांना आणि एक नव्या मालकाला. दुसऱ्या नोटिशीत फक्त सिद्ध करता येणारी वस्तुस्थिती लिहा. ‘चोर’ म्हणालात तर बदनामीचा खटला तुमच्यावरच येईल. महिनोन्‌महिने गप्प राहिलात, तर अंतरिम मनाई मागताना ‘घाई होती तर इतके दिवस काय केलं?’ असं विचारलं जातं. शेवटचा पगार किंवा मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवू नका. त्याने गुपित परत येत नाही, तुमची बाजू मात्र बिघडते.

पुढच्यासाठी ॲक्सिलरेटर आणि गंधक वेगळ्या खोलीत तोलून फक्त सांकेतिक क्रमांकाच्या पुड्यांत मिलवर पाठवा. पूर्ण सूत्र दोघांपलीकडे जाऊ देऊ नका. कुलूप नसलेल्या कपाटातल्या वहीला गुपित म्हणवून घेणं कोर्टात फार अवघड जातं.

प्रश्न: नवा विक्री अधिकारी जुन्या कंपनीची ग्राहकयादी घेऊन आला आहे. वापरली तर चालेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. माहीत असूनही वापरलीत, तर तुम्हालाही प्रतिवादी करतील. शिवाय मेहनतीने रचलेल्या डेटाबेसवर कॉपीराइटचाही दावा होऊ शकतो. ती फाइल तुमच्या संगणकावर घेऊच नका आणि ‘आधीच्या मालकाची कोणतीही गोपनीय माहिती आणलेली नाही, वापरणार नाही’ असं नेमणुकीवेळीच लिहून घ्या. फाइल आधीच कॉपी झाली असेल, तर गुपचूप पुसू नका. वकिलाला विचारूनच पुढचं पाऊल टाका.